दोन डोळ्यांमधली भिंत

चित्र न दाखविता चित्रांविषयी बोलायचे, हे रेडिओवर बोलणाऱ्याच्या नशिबी असतेच. पण आजच्या विषयाला लागणारी मुख्य सामग्री प्रत्येक श्रोत्यापाशी आहे. हात लांब करून आपला अंगठा डोळ्यांसमोर उभा धरा. आधी डावा डोळा मिटून पाहा, मग उजवा. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरापुढून अंगठा इकडचा तिकडे सरकलेला दिसेल. अंगठा जागचा हललेला नाही. पाहणारा डोळा तेवढा बदलला. आपले दोन डोळे सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर बसविलेले आहेत, आणि त्यामुळे एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रे मेंदूकडे जातात. त्या फरकावरून कोणती वस्तू जवळ आणि कोणती लांब, हे मेंदू ताडतो. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून बघा, म्हणजे ह्या देणगीची किंमत कळेल.

आता ही किमया मेंदू कशी साधतो ह्याचा शास्त्रीय शोध घ्यायचा, तर एक अट पाळावी लागते. डाव्या डोळ्याला एक चित्र दाखवायचे, उजव्याला दुसरे, आणि ह्याचे त्याला दिसता कामा नये. म्हणजे दोन डोळ्यांमध्ये भिंत घालावयाची. ही भिंत पक्की असेल तर प्रयोग खरा. ती पाझरू लागली, एका डोळ्यासाठी काढलेले चित्र फिकटसे का होईना पण दुसऱ्या डोळ्याला दिसू लागले, की प्रयोगातून निघालेले उत्तर खरे की खोटे हे सांगणे अवघड होऊन बसते. चाळीत दोन बिऱ्हाडांमध्ये नुसत्या फळ्यांचा आडोसा असला म्हणजे पलीकडचे भांडण अलीकडे ऐकू येते, तसाच हा प्रकार. इंग्रजीत ह्याला ‘क्रॉसटॉक’ म्हणतात. शब्द मूळचा टेलिफोनवाल्यांचा. आपण बोलत असता तारेवर तिसऱ्याच कोणाचे बोलणे ऐकू यावे, ही तक्रार जुन्या टेलिफोनधारकांना पाठ असेल. आपण त्याला साधा ‘पाझर’ म्हणू. गेल्या पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासात ही भिंत कशी उभी राहिली, कुठे पाझरली आणि शास्त्रज्ञांनी त्यावर काय उपाय केले, ते आज पाहावयाचे आहे.

पहिली भिंत बांधली चार्ल्स व्हीटस्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने. वाद्ये बनविणाऱ्या घराण्यात १८०२ साली जन्मलेला हा गृहस्थ पुढे लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाला. दोन डोळ्यांना वेगवेगळे दिसते ही गोष्ट जुन्यांना ठाऊक नव्हती असे नाही. लिओनार्दो द व्हिंचीनेही तिचा विचार केला होता. परंतु ह्या फरकातूनच खोलीची जाणीव निर्माण होते, हे प्रयोगाने सिद्ध करण्याचा मान व्हीटस्टनचा. १८३८ च्या जून महिन्यात त्याने रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध ठेवला आणि ‘स्टिरिओस्कोप’ हे नाव जगाला दिले.

उपकरण किती साधे! दोन आरसे एकमेकांशी काटकोन करून उभे ठेवावयाचे आणि त्यांची जोडलेली कड नाकासमोर आणावयाची. डावीकडे एक चित्र उभे, उजवीकडे दुसरे. डाव्या डोळ्याला डाव्या आरशातून फक्त डावे चित्र दिसते, उजव्याला फक्त उजवे. दोन्ही मिळून मेंदूत एकच वस्तू उभी राहते, आणि तीही कागदावर चिकटलेली नव्हे, तर हवेत पुढे-मागे पसरलेली. फोटोग्राफीची कला तेव्हा लोकांपुढे यावयाची होती. व्हीटस्टनने वापरली ती नुसत्या रेघांची चित्रे. छायाप्रकाश आणि रंग त्याने मुद्दाम टाळले. नाहीतर खोलीची जाणीव त्यांच्यामुळे झाली असे कोणी म्हणाले असते. खऱ्या प्रयोगकर्त्याची ही वृत्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आणि त्याच्या भिंतीविषयी सांगावयाचे तर ती जवळजवळ अभेद्य होती. उजव्या चित्राकडून येणाऱ्या प्रकाशाला डाव्या डोळ्यापर्यंत जाण्याची वाटच नव्हती.

मग एवढे चांगले उपकरण असताना पुढे दुसरी निघाली का? कारण सोय! आरशांचे ते साधन अवजड, आणि एका वेळी एकानेच पाहावयाचे. सर डेव्हिड ब्रूस्टर ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८४९ मध्ये भिंगे बसविलेली सुटसुटीत पेटी सुचविली. पेटीच्या मधोमध पडदी असल्याने भिंत कायम राहिली. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात ही पेटी गाजली आणि थोड्याच वर्षांत विलायतेतल्या सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. पुढे अशा जोडचित्रांचे संच निघाले. अमेरिकन कंपन्यांनी काढलेल्या हिंदुस्थानच्या संचांत मुंबईचीही दृश्ये होती. पण इथेही पाहणारा एकच. दहाजणांना, शंभरजणांना एकदम दाखवावयाचे तर एकाच पडद्यावर दोन्ही चित्रे एकमेकांवर टाकणे भाग होते, आणि मग त्यांना वेगळे करण्याचे काम डोळ्यांवरच्या चष्म्याकडे आले. पाझराची कथा इथून सुरू होते.

१८५३ साली विल्हेल्म रोलमान ह्या जर्मन संशोधकाने रंगांची भिंत सुचविली. एक चित्र एका रंगात, दुसरे दुसऱ्या रंगात; एका डोळ्यावर तांबडी काच, दुसऱ्यावर निळी. पांढऱ्या कागदावरची तांबडी रेघ तांबड्या काचेतून पाहिली तर पार्श्वभूमीत विरून जाते, निळी रेघ मात्र काळी दिसते. १८५८ मध्ये द’आल्मेदा ह्या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने जादूच्या कंदिलातून अशी रंगीत चित्रे पडद्यावर टाकून दाखविली. युक्ती नामी खरी; पण बाजारात मिळणारी तांबडी शाई निखळ तांबडी नसते, आणि तांबडी काचही थोडाफार परका प्रकाश आत सोडते. परिणामी जी रेघ नाहीशी व्हावयास हवी ती फिकट सावलीसारखी मागे उरते. चित्राच्या कडेला एक भूत उभे राहते म्हणा ना! ह्या धंद्यातल्या लोकांनीही तिला भूतप्रतिमाच म्हटले आहे.

दुसरी भिंत ध्रुवित प्रकाशाची. प्रकाशाच्या लहरींचे कंपन एका ठरावीक दिशेत बांधून घेता येते. डाव्या चित्राचे कंपन एका दिशेने, उजव्याचे तिच्याशी काटकोनात, आणि चष्म्यातही तशाच दोन जाळ्या. बर्मिंगहॅमच्या जॉन अँडरटनने ही कल्पना १८९१ मध्ये मांडली होती. पण एडविन लँड ह्या अमेरिकन संशोधकाने १९२९ साली ध्रुवित प्रकाशासाठी पातळ, स्वस्त पत्रा शोधून काढल्यावर, ज्याला पुढे पोलरॉइड हे नाव मिळाले, तिला खरे बळ आले. १९५२ मध्ये अमेरिकेत ‘ब्वाना डेव्हिल’ ह्या चित्रपटापासून त्रिमिती बोलपटांची लाट उसळली ती ह्याच चष्म्यांवर. आपल्याकडे १९८४ साली निघालेला ‘माय डियर कुट्टिचात्तन’ हा मल्याळी चित्रपट, ज्याला आपण ‘छोटा चेतन’ म्हणून ओळखतो, तोही असाच चष्मा लावून पाहावयाचा होता.

ही भिंत रंगाच्या भिंतीपेक्षा सरस, पण तिची एक खोड आहे. मान सरळ हवी! मान जितकी कलेल तितका पाझर वाढतो, आणि हा हिशेब पदार्थविज्ञानाने अगदी नेमका घालून दिलेला आहे. जाळ्या अगदी निर्दोष धरल्या तरी मान १० अंश कलली की दुसऱ्या डोळ्याच्या चित्राचा सुमारे ३ टक्के प्रकाश आत शिरतो. २० अंश कलली की सुमारे १२ टक्के. आणि ४५ अंशांवर दोन्ही चित्रे सारखीच दिसू लागतात, म्हणजे भिंत पार कोसळते. शिवाय पडदाही खास चंदेरी लागतो, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटून प्रकाशाचे कंपन विस्कटून जाते. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश वापरला तर मान कलण्याची अडचण बरीचशी जाते. तरी थोडा पाझर उरतोच.

तिसरी भिंत काळाची. आधी डाव्याचे चित्र, मग उजव्याचे, मग पुन्हा डाव्याचे, असे झपाट्याने आलटून पालटून दाखवावयाचे आणि त्याच तालावर एकेक डोळा झाकावयाचा. १९२२ च्या अखेरीस लॉरेन्स हॅमंडने न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात ‘टेलिव्ह्यू’ नावाचा असा खेळ लावला. प्रत्येक आसनापाशी फिरत्या झडपेचे यंत्र बसविले होते! हाच हॅमंड पुढे विजेच्या ऑर्गनमुळे प्रसिद्धी पावला. फिरत्या झडपांची जागा पुढे द्रवस्फटिकांच्या चष्म्यांनी घेतली. १९८० नंतर संगणकाच्या पडद्याबरोबर असे चष्मे वापरता येऊ लागले आणि दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनी ते उचलून धरले.

श्रोते म्हणतील, सिनेमात थोडे भूत दिसले तर बिघडले कुठे? करमणुकीत फारसे बिघडत नाही. डोके दुखेल इतकेच. पण प्रयोगशाळेत काय बिघडते, हे समजण्यासाठी बेला युलेझ ह्या हंगेरियन संशोधकाचे काम पाहिले पाहिजे. १९५६ च्या उठावानंतर तो देश सोडून अमेरिकेत गेला आणि बेल प्रयोगशाळेत दाखल झाला. १९६० मध्ये त्याने संगणकाकडून नुसत्या ठिपक्यांची चित्रे काढवून घेतली. मूठभर तीळ आणि मूठभर मोहरी ताटात विस्कटून टाकावी, तसे काळे-पांढरे ठिपके. त्यात ना आकार ना रेघ. मग त्याच चित्राची दुसरी प्रत घेऊन तिच्या मधला एक चौकोन किंचित बाजूला सरकवावयाचा आणि मोकळी झालेली जागा नव्या ठिपक्यांनी भरून काढावयाची. कोणतेही एक चित्र एका डोळ्याने कितीही पाहा; चौकोन सापडणार नाही, कारण एकेका चित्रात तो नाहीच. दोन्ही डोळ्यांनी पाहिले की मात्र चौकोन ठिपक्यांच्या पटलावरून अलगद वर उचललेला दिसतो.

ह्या शोधाचे महत्त्व असे की, खोली जाणण्यासाठी आधी वस्तू ओळखावी लागते ही समजूत त्याने मोडून काढली. ओळखण्याजोगे काही नसतानाही मेंदू दोन चित्रांतले ठिपके जुळवितो आणि आकार त्यानंतर प्रकट होतो. आणि ज्याला हा चौकोन दिसला, त्याचे दोन्ही डोळे एकत्र काम करीत आहेत असे छातीठोकपणे म्हणता येते. कारण एका डोळ्याने तो दिसणेच शक्य नाही.

शक्य नाही, पण कधी? भिंत पक्की असेल तर! समजा, भिंत पाझरते आहे. मग डाव्या डोळ्याला डावे चित्र तर दिसतेच, शिवाय त्यावर उजव्याची फिकट छाप पडते. आजूबाजूच्या भागात दोन्ही चित्रांतले ठिपके एकाच जागी असल्याने छाप बरोबर ठिपक्यावर ठिपका बसते आणि ठसठशीत दिसते. मधल्या चौकोनात मात्र ठिपके सरकलेले. तिथे छाप चुकीच्या जागी पडून सगळे गढूळ होते. झाले! गढूळ चौकोन स्वच्छ पार्श्वभूमीवर उठून दिसतो, आणि तोही एकाच डोळ्याला. जे गुपित दोन डोळ्यांखेरीज फुटायचे नाही, ते पाझराने फोडले. परीक्षेचा पेपर आधीच फुटला तर उत्तीर्ण झालेल्यांच्या गुणांना काय अर्थ राहतो?

हे नुसते पांडित्य नव्हे. लहान मुलांच्या डोळ्यांच्या तपासणीत ठिपक्यांच्या अशा चित्रांचा उपयोग होतो. १९७२ साली हॉलंडमध्ये निघालेली टीएनओ नावाची चाचणी तांबड्या-हिरव्या चष्म्यातून पाहावयाची असते. ध्रुवित प्रकाशाच्या चष्म्याने पाहण्याच्या चाचण्याही आहेत. एखाद्या मुलाचा एक डोळा तिरळा असतो, किंवा दिसायला धड असून मेंदूने त्याच्याकडे दुर्लक्ष करावयास सुरुवात केलेली असते. आळशी डोळा म्हणतात तो हा. असे मूल खेळते, वाचते, तक्रार करीत नाही, कारण दुसरा डोळा सगळा भार उचलतो. ह्या दोषावर लहान वयात उपचार झाले तर गुण चांगला येतो. आता चाचणीतला आकार पाझरामुळे एका डोळ्यालाच दिसला आणि मुलाने तो अचूक सांगितला, तर काय होईल? ‘डोळे ठीक आहेत’ असा शेरा मिळेल आणि मोलाची वर्षे हातची जातील. म्हणून भिंतीची तपासणी आधी, मुलाची नंतर.

पाझर नेहमी खोटे ‘हो’च म्हणावयास लावतो असेही नाही, तो खोटे ‘नाही’ही म्हणावयास लावतो. कॅनडातील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, पाझर वाढत गेला की पाहणाऱ्याला जाणवणारी खोली कमी कमी होत जाते. म्हणजे माणसाची दृष्टी शाबूत असताना उपकरणाच्या दोषाने तो कमी गुणाचा ठरू शकतो.

मग हा पाझर मोजावा कसा? रीत सोपी आहे. डाव्या डोळ्यासाठी संपूर्ण काळा पडदा ठेवावा आणि उजव्यासाठी संपूर्ण पांढरा. डाव्या काचेमागे प्रकाशमापक धरावा. तिथे जो प्रकाश येईल तो चोरवाटेने आलेला. दोन्ही पडदे काळे असतानाही थोडा उजेड असतोच, तो वजा करावा, आणि जो राहील त्याला खऱ्या चित्राच्या प्रकाशाने भागावे. खऱ्या वाटेने १०० भाग प्रकाश येत असेल आणि चोरवाटेने ४ भाग, तर पाझर ४ टक्के. चार टक्के म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण अनुकूल परिस्थितीत माणसाचा डोळा एक टक्क्याच्या आसपासचा उजळ-काळोखाचा भेदही टिपतो, हे लक्षात घेतले म्हणजे चार टक्क्यांचे भूत दडून कसे राहणार?

मोजमाप सुरू झाले तेव्हा अनपेक्षित जागी भोके सापडली. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर विजेचा किरण वरून खाली ओळी रेखीत येई आणि पडद्याच्या आतला लेप उजळे. किरण पुढे गेला तरी लेप क्षणात विझत नसे. विझलेल्या चुलीतल्या निखाऱ्यासारखा धुगधुगत राही. तोवर चष्म्याची झडप पालटे आणि ती धग दुसऱ्या डोळ्याला दिसे. त्यातही पडद्याचा खालचा भाग सर्वांत शेवटी रेखला जाई, म्हणून त्याला विझावयास वेळ सर्वांत कमी मिळे. परिणाम असा की एकाच पडद्यावर वर पाझर कमी आणि खाली जास्त! लेपातही हिरवा रंग मागे रेंगाळणारा. म्हणून अनेक संशोधकांनी आपली चित्रे केवळ तांबड्या रंगात काढली. संगणकाकडून पाझर आधीच हिशेबाने वजा करून घेण्याचा उपायही निघाला. परंतु त्यालाही मर्यादा आहे. काळ्यातून आणखी काय वजा करणार? पूर्ण काळ्या जागेवर पडलेले भूत ह्या उपायाने हटत नाही.

ह्या साऱ्या खटाटोपात एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. प्रार्थना-कीटक आपण बागेत पाहिला असेल. पुढचे दोन पाय जोडून हात जोडल्यासारखा बसणारा हिरवा शिकारी. त्याला दोन डोळ्यांनी खोली कळते, हे झामुएल रोसेलने १९८३ मध्ये डोळ्यांपुढे लोलक बसवून दाखविले होते. त्यापुढे जाऊन इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात विवेक नित्यानंद, जेनी रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या कीटकांना त्रिमिती चित्रपटच दाखवावयाचे ठरविले. मधमाशांच्या मेणाने इवलाले चष्मे चिकटवले! आधी वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाची आधुनिक तऱ्हा करून पाहिली. पण कीटक पडद्याच्या इतका जवळ बसतो की त्या अंतरावर दोन चित्रे नीट वेगळी होईनात. भिंत पाझरली. तेव्हा मंडळी वळली ती रोलमानच्या १८५३ च्या रंगीत काचांकडे. ह्या कीटकाला तांबडा रंग नीटसा दिसत नाही, म्हणून हिरवी आणि निळी काच निवडली, आणि पडदाही त्या दोन रंगांचा अगदी अरुंद पट्टा देणारा घेतला. पडदा १० सेंटिमीटरवर; चित्रातले भक्ष्य मात्र अडीच सेंटिमीटरवर तरंगते आहे असा भास व्हावा अशी मांडणी. कीटकाने झडप घातली! चित्र सपाट असले की तो स्वस्थ बसे. २०१६ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

इथे पाझराचा विचार आधी का करावा लागला, ते पाहा. माणूस निदान म्हणेल, ‘अहो, मला दुहेरी दिसते आहे.’ कीटक काय सांगणार? त्याने झडप घातली नसती तर त्याला खोली कळत नाही म्हणून, की चष्मा पाझरतो म्हणून, हे कोणी ठरवावयाचे? मुक्या प्राण्याविषयी आणि बोलता न येणाऱ्या बाळाविषयी निवाडा देण्यापूर्वी साक्षीदाराची, म्हणजे उपकरणाची, उलटतपासणी झालीच पाहिजे.

ही उलटतपासणी करावयास नेहमी महागडी यंत्रे लागतात असे नाही. चष्मा डोळ्यांवर ठेवून पाहणाऱ्याचा एक डोळा झाकावा आणि तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तरीही तो बरोबर उत्तरे देऊ लागला तर समजावे की उत्तरे त्याच्या दृष्टीची नव्हेत, भिंतीतल्या भोकाची आहेत. एका तळहाताने होणारी ही परीक्षा मोठमोठ्या प्रयोगशाळांनाही टाळता येत नाही.

आणि काटेकोर कामासाठी संशोधक अजूनही पुष्कळदा जातात कुठे? व्हीटस्टनच्या आरशांकडे. चित्रे आता कागदावर नसतात, दोन स्वतंत्र पडद्यांवर असतात. पण आरशांची रचना बरीचशी तीच, आणि भिंतही तितकीच पक्की. आजकाल डोक्याला बांधावयाचे त्रिमिती दर्शक मिळतात. त्यांत प्रत्येक डोळ्यापुढे स्वतःचे भिंग आणि चित्राचा स्वतःचा भाग असतो. म्हणजे ब्रूस्टरची पेटीच नव्या रूपात. मधल्या काळात रंगाच्या, कंपनाच्या आणि काळाच्या भिंतींनी हजारोंना एकदम त्रिमिती दाखविली, हे त्यांचे उपकार आहेतच. मात्र त्या प्रत्येक सोयीबरोबर थोडा पाझर पदरात आला. तो किती आहे हे मोजून निबंधात नोंदविण्याची शिस्त दृष्टिशास्त्राने हळूहळू अंगी बाणविली. तपासणीच्या टेबलाशी बसलेल्या चार वर्षांच्या पोराला जो शेरा मिळावयाचा, तो खरा असणे ह्याच शिस्तीवर अवलंबून आहे.